गुन्हा नाही, मग काय? ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरिड’ आणि कुटुंबाकडे पाहण्याची नजर : एक प्रकरण अभ्यास

‘प्रेमात पडणे हा काही गुन्हा नाही ना!’ ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरिड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील हे वाक्य दक्षिण कोरियातील लाखो घरांत २०२० सालच्या वसंत ऋतूत ऐकले गेले. ते म्हणणाऱ्या पुरुषाचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध उघडे पडले आहेत, तो आपल्या पत्नीसमोर उभा आहे, आणि क्षमा मागायची सोडून तो हे वाक्य तिच्यावर ओरडतो. कोरियन भाषेत ‘च्वे’ हा एकच शब्द गुन्हा आणि पाप या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. पहिल्या अर्थाने त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, कारण विवाहबाह्य संबंध तेथे पाच वर्षांपूर्वीच गुन्हा राहिलेला नव्हता. दुसऱ्या अर्थाने मात्र ते प्रेक्षकाच्या कानाला असह्य झाले. देशभर त्या वाक्याचा उच्चार आणि नकला होऊ लागल्या, आणि ते त्या पात्राच्या निर्लज्जपणाची खूणच होऊन बसले.

विवाहबाह्य संबंधांवरच्या मालिका पाहून लोकांची कौटुंबिक मूल्ये बिघडतात की घट्ट होतात, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक देशात विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर घाईने दिले जाते. येथे एकच मालिका, एकच देश आणि एकच काळ घेतला आहे. माझे म्हणणे असे की अशा मालिकेचा निकाल, म्हणजे शेवटी कोणाला शिक्षा झाली आणि कोण सुखी झाले ही गोष्ट, प्रेक्षकाला फारसे काही शिकवत नाही, कारण तो निकाल प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो. मालिका त्याला कोणाच्या शेजारी बसवते, किती वेळ बसवते आणि त्या वेळात कोणता प्रश्न विचारायला लावते, यातून त्याची नजर घडते.

कायद्याने मोकळी केलेली जागा

दक्षिण कोरियात १९५३ च्या दंडसंहितेनुसार व्यभिचार हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा होता. तक्रार फक्त फसवल्या गेलेल्या जोडीदारालाच करता येत असे, आणि त्यासाठी विवाह आधीच संपलेला असणे किंवा घटस्फोटाचा दावा दाखल केलेला असणे आवश्यक होते. ही अट महत्त्वाची आहे. कायदा संसार वाचवण्यासाठी आहे असे सांगितले जात असले, तरी तो हाती धरायचा म्हणजे संसार मोडायला निघावे लागत असे. ज्या पत्नीला स्वतःचे उत्पन्न नव्हते तिच्यासाठी ही तक्रार वाटाघाटीतील एक आधार होती : तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात पोटगी, घर किंवा मुलांच्या खर्चाची हमी मिळवता येत असे.

घटना न्यायालयाने हा कायदा १९९०, १९९३, २००१ आणि २००८ अशा चार वेळा टिकवून धरला. २००८ मध्ये नऊपैकी पाच न्यायाधीश कायद्याच्या विरुद्ध गेले होते, परंतु तो रद्द करण्यासाठी सहा मते लागतात. अखेर २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवण्यात आला. व्यक्तीचा लैंगिक निर्णयाचा अधिकार आणि खासगी आयुष्य यांवरील आक्रमण हे त्याचे मुख्य कारण होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी दुसरा एक निर्णय दिला : विवाह मोडायला जो जबाबदार आहे, त्याला तत्त्वतः स्वतःहून घटस्फोट मागता येणार नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे त्या समाजाची त्या वेळची स्थिती दिसते. राज्यसंस्थेने शयनगृहातून पाय मागे घेतला खरा, परंतु जोडीदाराला फसवणाऱ्याला सहज सुटू द्यायला ती तयार नव्हती, आणि हे मत एका न्यायाधीशाच्या फरकाने टिकले होते.

त्याच्या थोडे आधी आणखी एक मोठा बदल झाला होता. ‘होजू’ नावाची कुटुंबप्रमुखाची व्यवस्था, ज्यात कुटुंबाची नोंद पुरुषाच्या नावाखाली होत असे आणि पत्नी व मुले त्याच्या नोंदीत समाविष्ट होत, ती २००८ च्या आरंभापासून संपुष्टात आली. कुटुंब म्हणजे पुरुषाच्या नावाखालची यादी ही कल्पना कागदावरून गेली होती, परंतु तिच्या जागी कुटुंबाची दुसरी कोणती व्याख्या आली हे मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते. या मोकळ्या जागेत ही मालिका आली.

मालिका

‘द वर्ल्ड ऑफ द मॅरिड’ ही जेटीबीसी वाहिनीवर २७ मार्च ते १६ मे २०२० या काळात शुक्रवारी आणि शनिवारी दाखवली गेलेली सोळा भागांची मालिका. तिचे कोरियन नाव ‘बुबुए सेग्ये’, म्हणजे ‘नवरा-बायकोचे जग’. तिचा सांगाडा बीबीसीच्या २०१५ सालच्या ‘डॉक्टर फॉस्टर’ या मालिकेवरून घेतलेला होता, आणि त्या मूळ मालिकेमागे मिडीया या ग्रीक शोकांतिकेतील स्त्रीची प्रेरणा होती : पतीने दगा दिल्यावर सूड घेताना जी स्वतःच्या मुलांपर्यंत जाऊन पोचते ती स्त्री.

जी सन-वू ही गोसान या काल्पनिक शहरातील रुग्णालयात उच्च पदावर असलेली डॉक्टर. ही भूमिका किम ही-ए यांनी केली, आणि त्यासाठी त्यांना २०२० च्या बेकसांग या कोरियन कला पुरस्कारांत दूरचित्रवाणीवरील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. पती ली ते-ओ हा चित्रपट दिग्दर्शक आहे, परंतु त्याचा व्यवसाय पत्नीच्या पैशावर उभा आहे. त्यांना जुन-यंग नावाचा शाळकरी मुलगा आहे. पतीच्या मफलरवर सापडलेल्या एका लांब केसापासून संशयाला सुरुवात होते. पहिला भाग संपता संपता सन-वूला गाडीत लपवलेला दुसरा फोन मिळतो आणि त्यातील छायाचित्रांतून कळते की पतीचे यो दा-ग्यंग या तरुणीशी संबंध आहेत. पण त्या भागाचा खरा आघात पुढे आहे. तिची जवळची मैत्रीण, शेजारचे जोडपे, रोजच्या उठण्याबसण्यातील सगळी माणसे हे आधीपासून जाणत होती. त्या छायाचित्रांत ती सगळी हसत उभी आहेत.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सन-वू पुरावे गोळा करते, एका रुग्ण तरुणीकरवी पतीवर पाळत ठेवते, पतीच्या मित्राशी शरीरसंबंध ठेवून आर्थिक माहिती काढते, आणि शेवटी दा-ग्यंगच्या आईवडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावर सगळे उघड करते. घटस्फोट होतो, मुलगा तिच्याकडे राहतो. दोन वर्षांनी ते-ओ यशस्वी होऊन, दा-ग्यंगशी लग्न करून आणि लहान मुलीसह त्याच शहरात परततो, आणि दुसरा टप्पा सुरू होतो. यात दोघे घटस्फोटित एकमेकांना उद्ध्वस्त करायला निघतात, मधेच एका रात्री पुन्हा जवळ येतात, आणि जुन-यंग शाळेत वस्तू चोरू लागतो. शेवटी सर्वस्व गमावलेला ते-ओ आईमुलासमोर एका वाहनापुढे जाऊन उभा राहतो, तो वाचतो, सन-वू धावत जाऊन त्याला मिठी मारते, आणि ते पाहणारा मुलगा तेथून पळून जातो.

काय घडले आणि त्यातून काय सिद्ध होत नाही

पहिल्या भागाला नील्सन कोरिया या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीत सुमारे ६ टक्के घरांचा प्रेक्षकवर्ग मिळाला होता. शेवटच्या भागाला तो २८.४ टक्क्यांवर गेला, आणि केबल वाहिन्यांवरील कोरियन मालिकांचा त्या वेळचा सर्वोच्च आकडा ठरला. आधीचा विक्रम ‘स्काय कॅसल’ या मालिकेचा, सुमारे २३.८ टक्के होता. महामारीमुळे लोक घरात होते, हे या वाढीचे एक कारण असू शकते, पण त्याच काळात त्याच घरांत दिसणाऱ्या इतर केबल मालिकांना इतकी वाढ लाभली नाही.

येथे पहिली सावधगिरी बाळगावी लागते. इतके लोक पाहतात म्हणजे त्यांना ते पटते असे नाही, आणि पटत नाही असेही नाही. आकडा फक्त संच चालू असल्याचे सांगतो. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. त्यातील वंशद्वेष्ट्या बापाचे हसे व्हावे असा लेखकांचा हेतू होता, परंतु ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना तोच माणूस बरोबर आणि आवडता वाटला. एकच भाग दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगून गेला. ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरिड’ पाहताना एका घरात ‘म्हणून पुरुषावर विश्वास ठेवू नये’ असे म्हटले गेले असेल आणि शेजारच्या घरात ‘म्हणून बाईने इतके पुढे जाऊ नये’ असे, आणि दोघांनाही आपण मालिकेतूनच हे शिकलो असे वाटले असेल.

दुसरी सावधगिरी घटस्फोटांच्या आकड्यांबद्दल. अशा मालिकांवर संसार मोडायला लावण्याचा आरोप होतो. दक्षिण कोरियात २००३ मध्ये सुमारे १ लाख ६७ हजार घटस्फोट झाले आणि तो तेथील उच्चांक होता. २०१९ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ११ हजार होती, आणि मालिका गाजली त्या २०२० मध्ये ती सुमारे १ लाख ७ हजारांवर आली. संख्या कमी झाली म्हणून मालिकेने संसार वाचवले असे म्हणणे तितकेच खोटे ठरेल. त्या वर्षी महामारीने जगणेच विस्कळीत केले होते, आणि मुळात लग्नांची संख्याच वर्षानुवर्षे घटत होती. या आकड्यांतून मालिकेविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही, एवढेच त्यांच्यावरून प्रामाणिकपणे म्हणता येते.

दूरचित्रवाणीचा कुटुंबावरील परिणाम कधी मोजताच येत नाही असे मात्र नाही. ब्राझीलमध्ये ग्लोबो या वाहिनीचे प्रक्षेपण वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या वर्षी पोचले. अल्बेर्तो चोंग आणि एलियाना ला फेरारा यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७० ते १९९१ या काळातील जनगणनांच्या आधारे असे दाखवले की प्रक्षेपण पोचल्यावर त्या भागात विभक्त किंवा घटस्फोटित स्त्रियांचे प्रमाण वाढले. जिथे वाहिनी आधी आली आणि जिथे नंतर आली यांची तुलना शक्य होती, म्हणूनच हे दाखवता आले. दक्षिण कोरियात मालिका एकाच रात्री सगळीकडे दिसली. तिच्याशिवायचा कोरिया कोठेच शिल्लक नव्हता की ज्याच्याशी तुलना करावी. शिवाय ब्राझीलचा परिणाम एका मालिकेचा नाही. तो वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी घरात येणाऱ्या शेकडो कथांचा साचलेला परिणाम आहे. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेल्या सिद्धांताचा रोख हाच होता : एखाद्या कार्यक्रमापेक्षा एकूण प्रवाहात वर्षे घालवल्याने जगाविषयीचे अंदाज बदलतात.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या स्वभावाची आहे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये नोंदवले की माध्यमांचा प्रभाव आपल्यापेक्षा इतरांवर जास्त पडतो असे प्रत्येकाला वाटते. ‘मी फक्त मनोरंजन म्हणून पाहतो, पण यामुळे लोक बिघडतात’ हे वाक्य ज्याच्या तोंडी असते त्याच्या घरी मालिका चालूच असते. म्हणून मालिकेविरुद्धच्या संतापाची तीव्रता हीदेखील तिच्या प्रभावाची मोजणी ठरत नाही.

आठव्या भागावरचा आक्षेप

या प्रकरणात एक प्रसंग मात्र बराच बोलका आहे. मालिकेचे पहिले सहा भाग फक्त प्रौढांसाठी होते. सातव्या भागापासून वयोमर्यादा पंधरा वर्षांवर आणण्यात आली. आठव्या भागात सन-वूवर तिच्याच घरात घुसलेला मुखवटाधारी माणूस हल्ला करतो, आणि ते दृश्य हल्लेखोराच्या नजरेतून, एखाद्या खेळाच्या पडद्यासारखे चित्रित केले होते. प्रेक्षकांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि नवव्या भागापासून शेवटपर्यंत मालिका पुन्हा प्रौढांसाठी ठरवण्यात आली.

आक्षेप कशावर होता, ते पाहावे. तोपर्यंत मालिकेत फसवणूक झाली होती, सूड म्हणून केलेला शरीरसंबंध झाला होता, घटस्फोट झाला होता, आणि हे सगळे पाहत प्रेक्षकवर्ग वाढतच होता. लोक संतापले ते कॅमेरा मारणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसला तेव्हा. सात भाग ज्या स्त्रीच्या शेजारी बसून सगळे पाहिले, तिच्यावरच हात उगारणाऱ्याच्या जागी त्यांना अचानक उभे करण्यात आले, आणि ती जागा त्यांनी नाकारली. माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार प्रेक्षक हा कथेतील पात्रांच्या वागण्यावर सतत नैतिक पाळत ठेवणारा असतो. ज्याला तो मान्यता देतो त्याचे बरे व्हावे असे त्याला वाटते. आठव्या भागाने दाखवले की ही पाळत कथेबरोबर कॅमेऱ्यावरही असते.

मला या प्रसंगात मूल्यांचा एक क्रम दिसतो. ज्या समाजाने १९५३ ते २०१५ अशी बासष्ट वर्षे व्यभिचाराला तुरुंगाची शिक्षा ठेवली, त्याच्या प्रेक्षकाला पडद्यावरील व्यभिचार पाहवला, पण घटस्फोटित पत्नीवरची हिंसा पाहण्याची ती रीत पाहवली नाही. हा क्रम मालिकेने निर्माण केला असे मी म्हणणार नाही. तो उघडा मात्र तिने केला.

नजर कोठे हलली

पहिली हालचाल मित्रांच्या बाबतीत आहे. विवाहबाह्य संबंधांच्या जुन्या कथांत तीन माणसे असतात. येथे पहिल्याच भागात चौथा पक्ष येतो, तो म्हणजे गप्प राहिलेली माणसे. पतीचा गुन्हा एकट्याचा न राहता तो सामाजिक होतो, आणि प्रेक्षकाला एक अस्वस्थ करणारा प्रश्न पडतो : माझ्या ओळखीच्या कोणाचे असे काही मला कळले तर मी काय करीन? बहुतेक माणसे आयुष्यात फसवणारी किंवा फसवली जाणारी नसली तरी कधी ना कधी जाणणारी असतात. म्हणून ही कथा ज्यांच्या संसाराला काहीही धक्का नाही अशांच्याही अंगाला येऊन भिडली असावी. ‘दुसऱ्याच्या संसारात पडू नये’ हे आपण शहाणपण म्हणून सांगतो, आणि मालिकेने ते शहाणपण त्या हसऱ्या छायाचित्रांसमोर आणून ठेवले.

याची एक कडू बाजूही आहे. सोळा भाग सतत केस, फोन, खिसे आणि नजरा तपासत बसलेला प्रेक्षक स्वतःच्या घरातही तपासनीस होऊ शकतो. गर्बनर यांच्या विचारातील मुख्य भीती हीच होती की माध्यमे माणसाला वाईट वागायला शिकवण्यापेक्षा जग आहे त्यापेक्षा अधिक वाईट आहे असे मानायला शिकवतात. तरीही सन-वूच्या पाळतीला केवळ थरार म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. व्यभिचार गुन्हा होता तेव्हा तक्रार झाल्यावर पुरावा शोधणे हे पोलिसांचे काम होते. २०१५ नंतर उरला तो नुकसानभरपाईचा दिवाणी दावा आणि घटस्फोटाचा खटला, आणि त्यासाठी लागणारे पुरावे फसवल्या गेलेल्या जोडीदारालाच गोळा करावे लागतात. पत्नीचे गुप्तहेर होणे ही लेखकाची कल्पना असली, तरी तिला जागा कायद्यातील बदलाने करून दिली होती.

दुसरी हालचाल क्षमेच्या बाबतीत, आणि ती मुख्य कथेत नसून शेजारच्या घरात आहे. गो ये-रिम ही ते-ओच्या मित्राची पत्नी. तिचा पतीही बाहेरख्याली आहे, तिला ते ठाऊक आहे, आणि ती डोळ्यांवर कातडे ओढून संसार करते आहे. पुढे तो खरोखर पश्चात्ताप करतो, सुधारतो, तिला जपू लागतो. अशा कथेचा ठरलेला शेवट मनोमीलनाचा असतो. ये-रिम प्रयत्न करते, पण तिला जमत नाही. प्रत्येक उशिराच्या फोनबरोबर संशय परत येतो, आणि शेवटी ती त्याला सोडून जाते. तिच्यावर कोणी ओरडत नाही, तिला कोणी हरवत नाही. या मालिकेने कौटुंबिक मूल्यांविषयी केलेले सर्वांत धीट विधान मला या शांत जोडप्यात दिसते : क्षमा देऊनही विश्वास परत येईलच असे नाही, आणि तो आला नाही म्हणून क्षमा करणारीला दोष देता येत नाही. मुख्य कथेतील आरडाओरडीपेक्षा हे विधान प्रेक्षकाच्या मनात अधिक खोल जाते असे मला वाटते, कारण त्याला विरोध करायला तेथे खलनायकच नाही.

दा-ग्यंग या दुसऱ्या स्त्रीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मालिका तिला जुन्या साच्यातील कारस्थानी बाई करत नाही. तिचाही भ्रमनिरास होतो, ती ते-ओला सोडते आणि पुन्हा शिक्षणाकडे वळते. तिला मिळालेली ही सुटका दा-ग्यंगच्या वडिलांच्या श्रीमंतीने सोपी केली आहे.

श्रीमंतीचा हा मुद्दा सन-वूलाही लागू आहे, आणि मालिकेचे मोठे मौन येथे आहे. सन-वू डॉक्टर आहे. घर, पैसा, वकील, प्रतिष्ठा हे सगळे तिच्याकडे आहे, उलट पतीच तिच्यावर अवलंबून आहे. म्हणून ‘राहायचे की निघायचे’ हा तिचा प्रश्न अभिमानाचा आणि वेदनेचा राहतो, पोटाचा होत नाही. ज्या स्त्रीला निघून जाण्यासाठी जागाच नाही तिच्याकडून रद्द झालेल्या कायद्याने वाटाघाटीचे एक साधनही काढून घेतले होते, आणि ही स्त्री मालिकेत जवळजवळ दिसत नाही. हिंसक प्रियकराच्या कचाट्यात अडकलेली रुग्ण तरुणी मिन ह्यन-सो तिची थोडी आठवण करून देते, परंतु तिचा उपयोग मुख्यतः सन-वूच्या कामासाठी होतो. पडद्यावरील ठाम स्त्रीकडून धैर्य घेणारी प्रेक्षक तिचे उत्पन्न काही घेऊ शकत नाही. ‘ती निघाली, मग तू का नाही?’ असा प्रश्न एखाद्या घरात उच्चारला गेला असेल तर तो अन्यायाचा होता, आणि त्या अन्यायात मालिकेचा वाटा आहे असे मी मानतो.

मुलाकडे वळलेला प्रश्न

तिसरी हालचाल सर्वांत मोठी आहे. पहिल्या सहा भागांत प्रेक्षक विचारतो, ‘त्याला शिक्षा होईल ना?’ दुसऱ्या टप्प्यात हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि ‘त्या मुलाचे काय?’ हा प्रश्न पुढे येतो. जुन-यंग आधी बापाचा कैवार घेतो, मग आईवर रागावतो, मग दोघांनाही नाकारतो. तो चोरी करतो ती वस्तूंच्या लोभाने करत नाही हे प्रेक्षकाला आईच्या आधी कळते. आणि ज्या क्षणी सन-वू वाहनासमोरून वाचलेल्या ते-ओला मिठी मारते, त्या क्षणी प्रेक्षकाची दोन मूल्ये एकमेकांवर आदळतात. ज्याच्याबरोबर आयुष्य काढले त्याच्याविषयीची माया खरी आहे, आणि ती माया पाहून मुलगा पळून जातो हेही खरे आहे.

कुटुंब टिकवण्याचा युक्तिवाद बहुधा मुलांच्या नावाने केला जातो. ‘मुलांसाठी तरी एकत्र राहा’ हे वाक्य या मालिकेतही येते. पण कथा त्याची परीक्षा वेगळ्या रीतीने घेते : आईबाप एकत्र राहिले की वेगळे झाले, यापेक्षा ते एकमेकांशी लढताना मुलाला शस्त्र करतात का, हे येथे निर्णायक ठरते. घटस्फोटानंतर जुन-यंगचे जे नुकसान होते ते घटस्फोटाने होत नाही. दोन मोठी माणसे घटस्फोट होऊनही एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून ते होते. होजू व्यवस्थेत मुलगा कोणाचा, याचे उत्तर नोंदवहीत होते. या मालिकेत ते उत्तर कोठेच लिहिलेले नाही, आणि मुलगा स्वतःच ‘मी तुमचा दोघांचाही नाही’ असे निघून जाऊन सांगतो. व्यभिचाराचा निषेध करण्याच्या भावनेने प्रेक्षक आला असेल, पण सोळाव्या भागापर्यंत त्याला मुलाच्या बाजूने आईलाही प्रश्न विचारावा लागतो, जिच्या शेजारी तो पहिल्यापासून बसला आहे.

हाच सांगाडा इतर देशांतही गेला : फ्रान्समध्ये २०१९ साली, तुर्कस्तानात २०२० साली, आणि २०२२ साली फिलिपिन्समध्ये, जिथे बहुसंख्य नागरिकांसाठी घटस्फोटाचा कायदाच नाही. प्रत्येक ठिकाणी मफलर, केस आणि फोन यांचा अर्थ सारखाच लागतो, पण ‘यानंतर काय’ या प्रश्नाचा अर्थ तेथील कायद्याप्रमाणे बदलतो. जिथे विवाह मोडताच येत नाही तिथे विश्वासघाताची कथा सुटकेची होऊ शकत नाही. ती सहन करण्याची किंवा मार्ग काढण्याची होते. एका मालिकेचा परिणाम म्हणून जे सांगितले जाते त्यात मालिका किती आणि तिच्याभोवतीचा देश किती, हे वेगळे काढायचे असेल तर या रूपांतरांची शेजारी शेजारी तुलना करणारा अभ्यास उपयोगी पडेल, आणि एकेका मालिकेला दोषी किंवा निर्दोष ठरवण्यापेक्षा त्यातून अधिक काही हाती लागेल.

मूळ ब्रिटिश मालिकेच्या शेवटी मुलगा नाहीसा झालेलाच राहतो, आणि आई त्याच्याविना उरते. कोरियन रूपांतराने येथे वेगळी वाट घेतली. जुन-यंग गेल्याला एक वर्ष झाले आहे. सन-वू काम करते, घरी येते, वाट पाहते. मग दार उघडल्याचा आवाज येतो. त्या रात्री २८.४ टक्के घरांत तो आवाज ऐकला गेला. तोवर पती कोठे आहे, त्याला शिक्षा पुरेशी झाली की नाही, हे मालिका विचारत नव्हती. मुलगा परत आला आहे, आणि आता त्या घरात काय म्हटले जाईल, एवढेच बाकी होते.